भिंतीचा रंग आणि रुग्णाचा चेहरा

डॉक्टरांच्या स्मरणिकेत रंगकामावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. हृदयविकार, मधुमेह, वैद्यकीय व्यवसायातील नीतिमत्ता अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत भिंतीच्या रंगाचे पान मांडणे काहीसे धाडसाचेच. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी आपला दवाखाना आयुष्यात तीन-चार वेळा तरी रंगवून घेतलेला असतो. आणि त्या प्रत्येक वेळी रंगाची निवड घरमालकाने, रंगाऱ्याने, सौभाग्यवतींनी किंवा दुकानातील शेडकार्डाने केलेली असते. ज्या खोलीत आपण दिवसभर माणसांचे डोळे, जिभा, नखे आणि तळहात न्याहाळतो, त्या खोलीच्या भिंती त्या पाहण्यात रोज लुडबूड करीत असतात, ही गोष्ट मात्र निवडीच्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. घरातल्या खोल्यांबद्दलही ओघाने काही लिहिणार आहे, कारण ही स्मरणिका डॉक्टरांइतकीच त्यांच्या घरची मंडळीही वाचतात.

खोलीत दिवा एकच असला तरी प्रकाश एकाच ठिकाणाहून येत नाही. खिडकीतून आलेला किंवा नळीतून पडलेला प्रकाश भिंतीवर आपटतो, तेथून छतावर, छतावरून समोरच्या भिंतीवर, आणि मग कोठे रुग्णाच्या गालावर. म्हणजे प्रत्येक भिंत हा एक मंद दिवाच असतो, आणि त्या दिव्याचा रंग म्हणजे आपण दिलेला रंग. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकते. मध्यम गडद रंगाची भिंत निम्माही फेकीत नाही. काही कंपन्यांच्या शेडकार्डावर प्रत्येक छटेपुढे हा आकडा शून्य ते शंभर या मापात छापलेला असतो. छटेचे नाव वाचण्याआधी तो वाचावा.

येथे थोडी आकडेमोड केली तर एक जुने कोडे सुटते. शेडकार्डावर अगदी फिकट वाटलेला रंग भिंतीवर आल्यावर एवढा भडक का दिसतो, असे प्रत्येक घरात विचारले जाते आणि बिचाऱ्या रंगाऱ्यावर संशय घेतला जातो. समजा, एका फिकट पिवळ्या रंगाची भिंत तांबड्या प्रकाशाचा ८० टक्के आणि निळ्या प्रकाशाचा ५० टक्के भाग परत फेकते. एकदा आपटून आलेल्या प्रकाशात तांबड्याचे निळ्याशी प्रमाण ८ ला ५, म्हणजे १.६ पट. तोच प्रकाश दुसऱ्या भिंतीवर आपटला की प्रमाण ६४ ला २५, म्हणजे अडीच पटींहून किंचित अधिक; तिसऱ्यांदा आपटला की चौपटींच्या वर. मूळ प्रकाश आणि हे सारे टप्पे यांची बेरीज केली, तर सर्व बाजूंनी त्याच रंगाने माखलेल्या बंद खोलीत तांबडा प्रकाश मूळच्या पाचपट होतो आणि निळा जेमतेम दुप्पट. प्रत्यक्षात खोलीला दारे-खिडक्या असतात, जमीन वेगळ्या रंगाची असते, पुस्तकांचे कपाट असते. त्यामुळे एवढा फरक पडत नाही. पण दिशा हीच असते. कार्डावरच्या दीड इंचाच्या तुकड्याला शेजारची भिंत नसते, खोलीला ती असते.

आता हे वैद्यकात कोठे बसते ते पाहू. बिलिरुबिन हे द्रव्य ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून ते आपल्याला पिवळे दिसते. (१९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्डच्या इस्पितळात उन्हात नेलेल्या अर्भकांची कावीळ उतरते, हे सिस्टर वॉर्ड यांनी टिपले, १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध आला, आणि आजची निळ्या दिव्यांची पेटी जन्माला आली. तीही बिलिरुबिनच्या याच गुणावर चालते.) डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो तो तेथून निळा प्रकाश परत येत नाही म्हणून. परंतु खोलीतल्या प्रकाशात मुळातच निळा भाग कमी असेल तर? मग निरोगी डोळ्यातूनही निळे फारसे परत येत नाही, आणि निरोगी व काविळीचा यांतला फरक आटतो. त्यात आपला डोळा मोठा तडजोडवादी. पिवळसर उजेडात पाच मिनिटे बसलो की त्या उजेडालाच तो पांढरा मानू लागतो. बिलिरुबिन अडीच-तीन मिलिग्रॅमच्या घरात असताना, म्हणजे जेव्हा डोळ्यांत पिवळेपणाची पहिली चाहूल लागायची, नेमकी तेव्हाच ती हुकते. दहा मिलिग्रॅमची कावीळ कोणत्याही खोलीत दिसते; ती ओळखायला डॉक्टरही लागत नाही. कावीळ दिवसाउजेडी पाहावी, असे आपले गुरुजन बजावून सांगत असत. त्या दिवसाउजेडाला भिंतीवर आपटल्याशिवाय रुग्णापर्यंत पोहोचता येत नाही, एवढीच भर मी घालतो.

सायनोसिसचा प्रश्न वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन यांतला मोठा फरक ६०० ते ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या पट्ट्यात पडतो. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा दिवा घालतात तो यासाठीच. लुन्सगार्ड आणि व्हॅन स्लाइक यांनी १९२३ साली सांगितलेला नियम आपण सर्वांनी पाठ केला आहे: केशवाहिन्यांतील रक्तात शंभर मिलिलिटरमागे साधारण पाच ग्रॅम प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन झाल्यावर ओठ निळसर दिसू लागतात. आकाशी निळ्या किंवा गर्द हिरव्या भिंतींनी तांबडा प्रकाश गिळून टाकला असेल, तर त्या खोलीत ठणठणीत माणसाचे ओठही काळवंडलेले भासतात. मग खऱ्या नीलिमेला वेगळे उठून दिसायला जागाच उरत नाही. हाताशी ऑक्सिमीटर आहे, तेव्हा डोळ्यांवर का विसंबावे, असे तरुण मित्र म्हणतील. बरोबर आहे. पण ऑक्सिमीटर खणातून काढावा असे वाटायला आधी ओठांकडे पाहून शंका यावी लागते.

आणि पांडुरोग. आपल्या भागात, विशेषतः बायाबापड्यांमध्ये, दिवसाकाठी सर्वाधिक वेळा पाहिली जाणारी खूण हीच. येथे भिंत दोन परस्परविरुद्ध मार्गांनी दगा देते, आणि हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत मनोवेधक प्रकरण वाटते. त्यासाठी मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची ओळख करून द्यायला हवी. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला आणि १०२ वर्षे जगला. मधुमेही माणसाच्या लघवीतली साखर म्हणजे द्राक्षशर्कराच, हे त्याने १८१५च्या सुमारास दाखविले; ज्याच्या नावाने आज घरोघरी तूप वर्ज्य झाले आहे त्या कोलेस्टेरॉलला ‘कोलेस्टेरिन’ हे मूळ नावही त्याचेच. असा अर्धा वैद्यकातला माणूस १८२४ साली पॅरिसच्या गोबलाँ या प्रसिद्ध गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तेथे तक्रार अशी की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो. शेव्रलने काळे सूत तपासले, तर त्यात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळे निस्तेज भासत होते. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो, हा नियम त्याने १८३९च्या ग्रंथात विस्ताराने मांडला. तांबड्याचा विरोधी हिरवा, पिवळ्याचा निळा-जांभळा.

आता हिरव्या भिंतीसमोर रुग्णाला बसवा. भिंत त्याच्या पाठीमागे असेल, तर शेव्रलच्या नियमाने चेहरा अधिक लालसर भासेल. सात ग्रॅम हिमोग्लोबिनची बाई नऊ ग्रॅमची वाटेल. तीच हिरवी भिंत त्याच्या समोर, म्हणजे डॉक्टरांच्या पाठीशी असेल, तर तिच्यावरून परतलेला हिरवट प्रकाश थेट चेहऱ्यावर पडेल आणि धडधाकट माणूसही फिकट, मरगळलेला दिसेल. रंग एक, खोली एक, आणि खुर्ची फिरवताच निदान उलटे. म्हणून माझ्या मते तपासणीच्या खोलीत दोन भिंतींचा विचार वेगवेगळा करावा. रुग्णाच्या चेहऱ्याला उजेड पुरविणारी भिंत, म्हणजे बहुधा आपल्या पाठीमागची आणि खिडकीसमोरची, सर्वांत निःपक्षपाती असावी. आपण बसतो ती बाजू आपल्या नजरेस पडत नाही, म्हणून तिथे पदव्यांच्या चौकटी, औषध कंपन्यांची रंगीत दिनदर्शिका आणि गर्द पडदा यांची गर्दी करण्याचा प्रघात आहे. रुग्णाचा चेहरा उजळण्याचे काम मात्र तीच बाजू करीत असते.

हिरव्या रंगाचे नाव निघाले की शस्त्रक्रियागृह आठवतेच. १९१४ साली सान फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स इस्पितळातील शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या भिंतींना पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला. तोवर सर्वत्र पांढरे होते. आणि लखलखीत दिव्यांखाली लाल जखमेकडे टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिले की डोळ्यांपुढे हिरवट छाया तरळत. शर्मननी रक्ताच्या लालीचा विरोधी रंगच भिंतीला दिला. छाया भिंतीत विरल्या, झगझगाट कमी झाला, जखमेतला लाल रंग अधिक स्पष्ट झाला. ही युक्ती शस्त्रक्रियागृहापुरती उत्तम आहे, कारण तेथे डोक्यावर स्वतंत्र, प्रखर, पांढरा दिवा असतो आणि भिंतीच्या परावर्तनाला किंमत उरत नाही. परंतु ‘हिरवा म्हणजे इस्पितळाचा रंग’ असा समज झाला आणि तो बाह्यरुग्ण विभागात, प्रसूतिकक्षात, नवजात अर्भकांच्या खोलीत सर्रास शिरला. जेथे रंग पाहूनच निदान व्हायचे तेथे त्याचे काम नव्हते.

खडेबाजारातील माझ्या तपासणीच्या खोलीला रंग द्यायची वेळ आली, तेव्हा मी हे सारे थोडे पद्धतशीर ताडून पाहण्याचे ठरविले. या भागातल्या जुन्या इमारतींची ठेवण सर्वांच्या परिचयाची आहे: दर्शनी बाजू अरुंद, खोली लांबच लांब, उजेड पुढच्या खिडकीतून किंवा परसातून, आणि मधले माजघर भर दुपारी अंधारे. रस्ता चिंचोळा असल्याने आकाशापेक्षा समोरची इमारतच खिडकीतून अधिक दिसते. समोरच्या भिंतीला कुणी केशरी रंग काढला तर तो तुमच्या खोलीत भाड्याशिवाय राहायला येतो. पावसाळ्यात दुकानांपुढे निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या ताणल्या जातात. त्या दिवसांत पहिल्या मजल्यावरचा उजेडही त्यांच्या रंगात न्हालेला असतो.

दोन फूट बाय दोन फुटांचे पाच पुठ्ठे घेऊन प्रत्येकावर एकेक रंग दोन हात मारून घेतला: पिवळसर क्रीम, पिस्ता, आकाशी, अबोली, आणि पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळलेला मोतिया. रंग पूर्ण वाळू दिले. हे महत्त्वाचे आहे, कारण प्लास्टिक पेंट वाळल्यावर थोडा गडद होतो, तर चुना वाळल्यावर उजळतो. मग एकेक पुठ्ठा आधी निरोगी सहकाऱ्याच्या चेहऱ्याजवळ समोरून धरायचा, नंतर पाठीमागे. सकाळी दहाला, दुपारी चारला, आणि रात्री दिव्याखाली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. कोणीही घरच्या घरी करावा असा पडताळा आहे.

क्रीम रंग माणसाला सर्वांत देखणा करतो. चेहऱ्यावर तजेला येतो, सुरकुत्या मवाळ होतात, आणि डोळ्यांचा पांढरा भाग हस्तिदंती दिसतो. बैठकीच्या खोलीला यासारखा रंग नाही, आणि काविळीच्या रुग्णाला तपासायला यासारखा वाईट रंग नाही. दुर्दैवाने आपल्याकडच्या दवाखान्यांत सर्वाधिक खप याचाच, कारण त्यावर मळ दिसत नाही. अबोली रंग पाहणाऱ्यांना फार आवडला. पण समोरून धरला की तळहाताच्या रेषांना तो फुकटची लाली देतो. ज्या प्रदेशात रक्तक्षय मोजायचा आहे तेथे ही उदारता परवडणारी नाही. पिस्त्याचे दुटप्पी वर्तन वर सांगितलेच. आकाशी रंगाने सकाळी फारसे बिघडवले नाही, मात्र ढगाळ दुपारी सहकाऱ्याचे ओठ पाहून मला त्याची नाडी धरावीशी वाटली. मोतियाने काहीच केले नाही. आणि मला तेच हवे होते. निव्वळ पांढरा का नको, असे कोणी विचारील. पांढऱ्या भिंतीवर उन्हाचा पट्टा पडला की बाहुली आकसते आणि चेहरा काळवंडल्यासारखा दिसतो. परावर्तनाचा आकडा सत्तरीच्या आसपास असलेला, कोणत्याही बाजूला न झुकणारा फिकट रंग मला अधिक मानवला. छत मात्र स्वच्छ पांढरेच ठेवले.

रंग ताडण्याची ही पद्धत आपल्या बाजारपेठेला नवी नाही. गणपत गल्लीत वा खडेबाजारात साडी घ्यायला गेलेली जाणती गृहिणी दुकानातल्या दिव्यावर कधी विश्वास ठेवीत नाही. ती पदर घेऊन दुकानाच्या पायरीवर येते आणि उजेडात पाहते. ब्लाउजपीस आणि साडी आत तंतोतंत जुळतात, बाहेर येताच सवती होतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेली सारखी छटा एका प्रकाशात जुळते, दुसऱ्यात फाटते. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. शहापूरच्या विणकरांना तो शब्द ठाऊक नसेल, पण सूत दिवसाच्या उजेडात जुळवायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. हेच शहाणपण रंगाच्या दुकानात मात्र आपण विसरतो आणि दिव्याखाली शेडकार्डावर खूण करून मोकळे होतो.

दिव्याबद्दल थोडक्यात. पिवळा बल्ब गेला, नळी जात आली, आता एलईडी आहे. खोक्यावर ‘रंगदर्शन निर्देशांक ८०’ अशा अर्थाचा आकडा असतो तो पाहून समाधान मानू नये. तो आकडा आठ फिकट नमुन्यांची सरासरी असते. गर्द तांबडा हा नववा नमुना तीत धरलेलाच नसतो. ऐंशीचा आकडा मिरविणारा स्वस्त दिवा तांबड्याच्या परीक्षेत शून्याजवळ असू शकतो, आणि आपल्याला हिमोग्लोबिन पाहायचे असते. तपासणीच्या टेबलावर नव्वदीच्या वरचा, दिवसाच्या प्रकाशाजवळ जाणारा दिवा लावावा. चार पैसे जास्त पडतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या इस्पितळांच्या प्रकाशयोजनेच्या मानकात तर नीलिमा नीट दिसते की नाही यासाठी दिव्यांना स्वतंत्र निर्देशांक लावला आहे.

घराकडे वळू. निळ्या रंगाने रक्तदाब उतरतो, लाल रंगाने भूक लागते, अमुक दिशेला तमुक रंग लाभतो, असे पुष्कळ ऐकू येते. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या नौदल तुरुंगात एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. पुढे काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. रंग आवडला की माणसाला बरे वाटते, हे पुरेसे कारण आहे. त्याला औषधाचा दर्जा देऊ नये. वृद्धांच्या खोलीपुरती मात्र एक गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते, निळ्या-हिरव्या छटांतला भेद पुसट होतो आणि एकूण उजेडही कमी पोहोचतो. अशा आजोबांना पांढऱ्या फरशीवर पांढरी भिंत आणि तिला लागून पांढरे कमोड दिले, तर कोठे काय संपते तेच कळत नाही. दाराची चौकट, पायरीची कड, आधाराची दांडी आणि विजेची बटणे भिंतीहून ठळक गडद करावीत. मांडीचे हाड मोडलेले किती वृद्ध आपण पाहतो! त्यांच्या घरी ‘रंग कोणता?’ हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही.

रंगाच्या छटेइतकीच रंगाची जात महत्त्वाची, आणि येथे बेळगावचा पाऊस आड येतो. जांभ्या दगडाच्या आणि मातीच्या जुन्या भिंती जमिनीतली ओल शोषून तीन-चार फुटांपर्यंत वर चढवतात. त्यांना श्वास घ्यावा लागतो. पूर्वीचा चुना ओलीला बाहेर जाऊ देई. शिवाय तो इतका अल्कधर्मी की बुरशीला त्यावर तग धरणे कठीण. त्यात चिमूटभर नीळ टाकीत ती भिंतीचा पिवळेपणा मारण्यासाठी. चुन्यात सर्वच रंग टिकत नाहीत: गेरू, पिवडी आणि नीळ टिकतात, प्रशियन निळा मात्र चुन्याच्या क्षाराने उडून जातो. गोवा-कारवारकडच्या देवळांत पांढऱ्या चुन्यावर काढलेली तांबडी कावी चित्रे टिकली, त्याचे एक कारण काव ही मातीच आहे. आज अशा भिंतीवर लांबी भरून चकचकीत ऑइलपेंटचे दोन हात मारतात. पहिला पावसाळा जातो, दुसऱ्याला फुगे येतात, तिसऱ्याला लोणा लागून पोपडे गळू लागतात आणि मागे काळी बुरशी दिसते. दम्याचा रुग्ण त्या पलंगावर झोपत असेल तर त्याचे पंप बदलून उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती उगीच नव्हे.

ओल, बुरशी आणि रंग एकत्र आले की काय होते, याचे भयंकर उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात आहे. शेले या शास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे आणि सोमल यांपासून बनविलेला सुंदर हिरवा रंग, आणि पुढे १८१४ पासून त्याच जातीचा आणखी झळकदार हिरवा, भिंतींच्या कागदांवर सर्रास वापरला जाई. ओलसर खोल्यांत माणसे आजारी पडत. इटलीच्या गोझिओ याने १८९०च्या दशकात दाखवून दिले की, त्या कागदावर वाढणारी बुरशी सोमलाचा वायू सोडते. तो हिरवा इतिहासजमा झाला.

शिसे मात्र अद्याप झालेले नाही. १९०४ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने मुलांच्या शिसेबाधेचा माग घराच्या व्हरांड्याच्या रंगविलेल्या कठड्यांपर्यंत नेला. मुलांचे हात तेथे लागत आणि तेच तोंडात जात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा त्यापूर्वी दिलेला जुना ऑइलपेंट, विशेषतः झगझगीत पिवळा, केशरी आणि तांबडा, शिसेयुक्त असू शकतो असेच धरून चालावे. हे रंग आपल्या जुन्या घरांत कोठे असतात? दारे, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, पाळण्याचे दांडे, आणि भिंतीचा खालचा चार फुटी पट्टा. म्हणजे रांगत्या मुलाच्या हाताशी.

जुना रंग जागच्या जागी असतो तोवर धोका कमी. रंगारी येऊन कोरडा पोलिसपेपर मारतो, तेव्हा तो धूळ होऊन घरभर पसरतो. घर रंगवायला काढले आणि पाठोपाठ मुलाचे पोट दुखू लागले, भूक गेली, शौचास खडा होऊ लागला, लोह देऊनही हिमोग्लोबिन हलेना, तर ‘घरात रंगकाम झाले का?’ हा प्रश्न इतिहासात अवश्य घालावा आणि रक्तातील शिशाची पातळी पाहावी. निरुपद्रवी अशी पातळी नाही, हे आता मान्य झाले आहे. जुना रंग पाण्याने भिजवून मगच घासावा, ज्योत लावून जाळू नये. खोलीतले धान्य, भांडी, अंथरुणे आधी बाहेर काढावीत. गर्भवती स्त्री आणि लहान मुले तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावीत. आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून काढावे. हे सारे करताना ज्याचे नाव कोणी काढीत नाही तो रंगारी. वर्षानुवर्षे ती धूळ त्याच्या नाकातोंडात जाते. पोटशूळ आणि मनगट गळणे हे विकार त्याच्याच व्यवसायाच्या नावाने जुन्या ग्रंथांत नोंदलेले आहेत. त्याला चांगला मुखवटा द्यावा, कामाचे कपडे घरी नेऊ देऊ नयेत, जेवणाआधी हात धुवायला साबण द्यावा. आणि तो दवाखान्यात आला तर त्याच्या हिरड्या पाहाव्यात. मोतिया भिंतीसमोर हिरड्यांची निळी रेषाही बरी दिसते.

राहता राहिला मुहूर्त. गणपतीपूर्वी घर रंगवून घेण्याची आपल्याकडे हौस असते, आणि भिंती तेव्हाच सर्वांत ओल्या असतात. दिवाळी उलटल्यावर, शक्य तर जानेवारी-फेब्रुवारीत काम काढावे. भिंत वाळली की नाही हे पाहायला दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूस दवबिंदू दिसले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूस दिसले तर खोलीच्या हवेत. पहिल्या प्रकारात रंगाऱ्याला महिन्याने यायला सांगावे. दुसऱ्यात आधी खिडकी उघडावी.